विमान एकाच कंपनीचे, टक्के कागदावरचे

महोदय,

लहान शहरांना स्वस्त विमानसेवा देणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेची पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी सुटली, त्यात आमचे नांदेड-हैदराबादही होते. हवाई चप्पलवालाही विमानात बसेल, असे तेव्हा ऐकवले गेले. ती सेवा देणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. त्याआधी २०१९ मध्ये जेट एअरवेज बसली होती. आज देशातले दहापैकी सहाहून अधिक प्रवासी एकट्या इंडिगोचे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक होताच डिसेंबर २०२५ मध्ये याच कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि अख्खा देश विमानतळांवर ताटकळला. स्पर्धा नसली की असेच होणार.

अर्थात, आमच्याकडे विमानात बसणारे किती? बाकीच्यांना सरकारी दवाखाना आणि जिल्हा परिषदेची शाळा. आरोग्यावर २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्च करू, असे २०१७ च्या धोरणात लिहिले होते. शिक्षणावरच्या खर्चाचे सहा टक्के तर कोठारी शिक्षण आयोगापासूनचे, म्हणजे १९६६ पासूनचे. २०२० च्या धोरणातही तोच आकडा पुन्हा! इथे मागणाऱ्याला दुसरी कंपनीही शोधता येत नाही. अर्थसंकल्पावर बोलताना आमचे खासदार या दोन आकड्यांचा हिशेब मागतील का?

– एक निवृत्त शिक्षक, नांदेड