पंपाला हात लावण्यापूर्वी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन एकसारखे चालत नाही, मध्येच गचके देते, आणि डिझेल पंप उतरवून दुरुस्तीला पाठवावा असे मेकॅनिकचे म्हणणे आहे, हे वाचून लगेच लिहायला बसलो. माझी कळकळीची विनंती आहे की पंप आत्ताच उतरवू नकोस. जुन्या डिझेल इंजिनात पंपाचा दोष असतोही, पण त्याच्या आधी तपासण्यासारख्या इतक्या साध्या गोष्टी असतात की पंपाचे सील तोडण्याची पाळी पुष्कळदा येतच नाही.

सर्वांत आधी बिघाड एका सिलिंडरचा आहे की साऱ्या इंजिनाचा, हे ठरवायचे. याला हत्यार लागत नाही, कान पुरेसा आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर चालत असेल, तर एक सिलिंडर सेकंदाला 5 वेळा पेटला पाहिजे. तो पेटत नसेल तर त्याची जागा तेवढ्याच वेगाने आणि ठरावीक अंतराने रिकामी पडत जाते, इंजिन लंगडते आणि बॉनेट थरथरते. याउलट रेस आपोआप चढते, उतरते, पुन्हा चढते आणि ही ये-जा सावकाश चालते, तेव्हा सगळे सिलिंडर मिळून वरखाली होत असतात. याला मेकॅनिक हंटिंग म्हणतात, आणि ते ऐकले की संशय गव्हर्नरवर, म्हणजे डिझेल कमीजास्त करून इंजिनाचा वेग राखणाऱ्या भागावर, किंवा डिझेलमध्ये शिरलेल्या हवेवर घ्यावा. तिसरा प्रकार म्हणजे लय कसलीच नाही, कधी ठीक तर कधी गचके. तुझ्या वर्णनावरून मला हाच प्रकार वाटतो, आणि त्यात हवाच पहिली संशयित ठरते.

हवा कुठून येते हे शोधणे मात्र चिकाटीचे काम आहे, कारण ती गळती दिसत नाही. टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप; टाकीपासून त्याच्यापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तिथला जोड सैल असेल तर चालू इंजिनात डिझेल बाहेर ठिबकण्याऐवजी हवा आत खेचली जाते आणि जोड बाहेरून कोरडाच राहतो. टाकीत डिझेल कमी असताना त्रास वाढतो का, हे आठवून पाहा. वाढत असेल तर या बाजूकडे नक्की लक्ष दे. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडून इंजिन चालू ठेवलेस, तर डिझेलबरोबर धावणारे बुडबुडे डोळ्यांना स्पष्ट दिसतील. मग टाकीच्या कॉकपासून एकेक जोड तपासत ये. रबरी नळीला क्लिपखाली केसासारखी चीर गेलेली असते, आणि बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर वारंवार आवळून कडक झालेले असतात. वॉशर नवे घालणे उत्तम. ते नसतील तर जुने लालबुंद तापवून पाण्यात बुडव, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होऊन नीट बसते.

टाकीच्या झाकणातले बारीक छिद्रही मातीने बुजते. तसे झाले की इंजिन सुरुवातीला चांगले चालते आणि काही वेळाने दम सोडते. अशा वेळी झाकण सैल करताच हवेचा सूं असा आवाज येऊन इंजिन सावरले, तर दोष सापडलाच. फिल्टर बदलणे, तळाचे पाणी काढणे आणि एअर क्लीनर पाहणे हे तू करतोसच, त्यावर लिहीत नाही. फिल्टर बदलल्यावर हवा काढताना फीड पंपाचा हाताचा लिव्हर मारत राहा आणि फिल्टरवरचा एअर स्क्रू फेसाऐवजी अखंड धार येईपर्यंत बंद करू नकोस, मग पंपावरचा स्क्रूही तसाच हाताळ.

एवढे करूनही लंगडणे राहिले तर सिलिंडर शोधायचा. थंड इंजिन सुरू करून लगेच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळाच्या) प्रत्येक तोंडावर पाण्याचे थेंब टाक. ज्या तोंडावर पाणी उडून न जाता तसेच राहते, तो सिलिंडर नीट पेटत नाही. खात्रीसाठी इंजिन स्लो ठेवून एकेका इंजेक्टरच्या (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) नळीची नट पाऊण फेरी सैल कर. चांगल्या सिलिंडरची नट सैल केली की इंजिनाचा वेग ताबडतोब पडतो; जिथे काहीच फरक पडत नाही, तो आजारी. हे करताना चष्मा घाल, नटेवर कापड गुंडाळ, आणि दाबाच्या धारेपाशी बोट नेऊ नकोस. ती धार कातडीखाली डिझेल घुसवते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

आजारी सिलिंडर सापडला की त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल कर. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर नोझल तपासणाऱ्याकडे दे. तिथे फवारा धुक्यासारखा बारीक येतो की धार आणि थेंब पडतात, हे समोर उभा राहून पाहा. इंजेक्टर बसवताना खालचे वॉशर नवेच घाल आणि खोबणीतला कार्बन आधी पूर्ण खरवडून काढ. दोष जागचा हलला नाही तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट, बघ. फट नाहीशी झालेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाबलेली हवा, निसटते, आणि डिझेलला पेटायला दाबलेल्या हवेची उष्णताच लागत असल्याने तो सिलिंडर डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर टाकतो. फट किती आणि इंजिन गरम असताना की थंड, हे मॅन्युअलमधलेच प्रमाण धर. टॅपेटही बरोबर असेल तर कॉम्प्रेशन मोजून घे. लगतच्या दोन सिलिंडरांचे एकदम कमी आले, तर हेड गॅस्केट (इंजिनाचे डोके आणि सिलिंडर यांमधले पॅकिंग) दोघांमध्ये फुटल्याची शक्यता मोठी.

इथपर्यंत सगळे ठीक निघाले, तरच पंपाकडे वळ, आणि तेही पंप मोजण्याचे यंत्र असलेल्या माणसाकडे. तोवर पंपावरचे सीलबंद स्क्रू कोणालाही फिरवू देऊ नकोस. ते फिरवून काळा धूर वाढतो, आवाज काही काळ सुधारल्यासारखा वाटतो आणि मूळ दोष झाकला जातो. गव्हर्नरचा भाग अडकून इंजिनाची रेस आपोआप बेफाम वाढली, तर इंजिनात हवा शिरते त्या तोंडावर फळी दाबून ते बंद कर, त्या तोंडाला हात कधीच लावू नकोस. म्हणून तपासणीच्या वेळी फळी हाताशी असू दे.

पारदर्शक नळीत काय दिसले आणि कोणती नट सैल केल्यावर इंजिनात फरक पडला नाही, एवढे मला आधी कळव. धुराचा रंग इंजिन थंड असताना आणि तापल्यावर असा वेगवेगळा लिही. तोपर्यंत नांगरणीचे ओझे त्याच्यावर टाकू नकोस.

तुझा,
मित्र