चिनूच्या भुलीविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

चिनूच्या मेंदूतला पू काढण्याच्या शस्त्रक्रियेला आम्ही दोघांनी काल संमती दिली. बाबा, आधी हृदयाचे ऑपरेशन व्हावे हा तुमचा आग्रह मी डॉक्टरांपुढे मांडला. परंतु कवटीतला दाब वाढत असताना थांबता येत नाही आणि अंगात असा जंतुसंसर्ग असताना हृदयाला हात लावणे अधिक धोक्याचे, हे ऐकल्यावर दुसरा मार्ग उरला नाही. तुम्हाला डावलले असे कृपया मनात आणू नका.

आक्काच्या वेळेपासून तुम्हाला भुलीची धास्ती आहे, म्हणून भूलतज्ज्ञ बाईंनी समजावलेले सविस्तर लिहिते. चिनूच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे, त्यामुळे काही अशुद्ध रक्त फुफ्फुसात न गाळता थेट शरीरात जाते. जंतूही त्याच वाटेने मेंदूत पोचले असावेत. भुलीने रक्तवाहिन्या सैलावल्या की हा ओघ वाढतो आणि मूल निळे पडते. म्हणून औषधे बेताबेताने देणार आहेत आणि रक्तवाहिन्या आवळणारे इंजेक्शन भरून हाताशी ठेवणार आहेत. आई, तो निळा पडला की तू त्याचे गुडघे पोटाशी दाबून त्याला कुशीत घेतेस ना, ते इंजेक्शन नेमके तेच काम करते. हे ऐकताना मला तुझ्या कुशीत शिरावेसे वाटले. सलाईनमधला हवेचा बुडबुडासुद्धा मेंदूपर्यंत जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक नळी निरखून घेतात. त्याचे रक्त दाट असल्याने त्याला फार वेळ कोरडे ठेवणार नाहीत. साधे पाणी भुलीच्या 2 तास आधीपर्यंत चालते, पुढे सलाईन असेल. त्याच्या रक्तातला ऑक्सिजन एरवीही 80 टक्क्यांच्या आसपासच असतो, तेव्हा दादाने फोनवर तो आकडा सांगितला तर घाबरू नका.

पू कवटीला लहान छिद्र पाडून सुईने ओढून घेतील. नंतर काही आठवडे शिरेतून प्रतिजैविके आणि हृदयाचे ऑपरेशन सावकाश. धोका नाही असे बाई म्हणाल्या नाहीत, आणि मीही म्हणणार नाही.

आमची खोली रुग्णालयाजवळच आहे, डबा वेळेवर येतो, चिनूची गोधडीही सोबत आहे. आत्ता एस.टी.ने निघू नका. अतिदक्षता विभागात एकालाच सोडतात. त्याला वॉर्डात हलवले की दादा तुम्हाला गाडीने आणेल. आई, उपास धरू नकोस, तुझी साखर उतरते. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्या, आणि फोन चार्ज करून जवळ ठेवा.

तुमची,
माई