रीमिक्स कथा जरूर लिहा, पण आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आवडत्या पात्रांवर वाचकांनी लिहिलेल्या कथा, म्हणजे फॅन फिक्शन, हा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही सरळ उचलेगिरी. दुसरा म्हणतो, इंटरनेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं. आम्हाला दोन्ही चूक वाटतात, आणि जास्त नुकसान दुसऱ्यामुळे होतं आहे. एखादीने महिनाभर खपून लिहिलेली कथा नाव उडवून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि चार दिवसांनी दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर ‘रीमिक्स’, म्हणजे आधीच्या कथेवर बेतलेली नवी कथा, म्हणून उगवते. अशा कथा तपासण्याचं आणि त्यांवरच्या तक्रारी सोडवण्याचं काम आम्ही काही जण ऑनलाइन लेखनगटांत करतो, म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

आधी उचलेगिरीच्या आरोपाविषयी. ज्या भाषेत मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणं सांगितली जातात, त्यातलं एक ओठांनी उच्चारायची अक्षरं पूर्ण टाळून रचलेलं आहे, त्या भाषेला ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगण्याचं वावडं असण्याचं कारण नाही. प्रश्न पुन्हा सांगण्याचा नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव ठेवलं का, आणि तो हयात असेल तर त्याला विचारलं का, एवढाच आहे.

रीमिक्समध्ये हे विचारणं दोन पातळ्यांवर येतं. साधी फॅन कथा मूळ लेखकाच्या पात्रांवर उभी असते. रीमिक्स त्या फॅन कथेवर उभा असतो. म्हणजे देणं दोघांचं लागतं, आणि आपल्याकडे विसर पडतो तो मधल्या फॅन लेखिकेचा. पात्रं तिची नाहीत, मग तिला कशाला विचारायचं, असा युक्तिवाद आम्ही सतत ऐकतो. पात्रं तिची नसतील, पण प्रसंग तिने रचले, वाक्यं तिने लिहिली. इंग्रजीत २००३ मध्ये ‘रीमिक्स रिडक्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात भाग घेणारा प्रत्येक जण नाव नोंदवतानाच आपल्या कथा इतरांना रीमिक्ससाठी मोकळ्या करत असे, म्हणून तिथे वेगळं विचारावं लागत नसे. आपल्या गटांनी त्या उपक्रमाचं नाव घेतलं आणि संमतीची पायरी गाळली.

चांगला रीमिक्स कसा असतो, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, चिं. वि. जोशींचे चिमणराव मोबाइल घ्यायला दुकानात जातात अशी फॅन कथा कुणीतरी चिमणरावांच्या तोंडून लिहिली आहे. दुसऱ्या लेखिकेला ती काऊच्या, म्हणजे चिमणरावांच्या बायकोच्या, तोंडून सांगायची आहे. दुकानात जे संवाद दोघांच्याही कानांवर पडले ते तसेच ठेवावे लागतात, कारण प्रसंग तोच आहे. बाकी सगळं नवं हवं: निघण्यापूर्वी घरात काय झालं, पैसे कुठून काढले, दुकानदाराने नवऱ्याला गुंडाळल्याचं काऊला कधी कळलं आणि ती गप्प का राहिली. चिमणरावांना जे दिसूच शकत नव्हतं तिथे रीमिक्सची खरी जागा आहे. आमच्या मते नव्या कथेचा निम्म्याहून अधिक भाग अशा न दिसलेल्या जागांतून यायला हवा. शेवट बदलायचा असेल तर खुशाल बदला, पण टिपेत तसं लिहा. नाहीतर मूळ कथा वाचलेल्यांना ती चूक वाटते.

वाईट रीमिक्स ओळखणं सोपं असतं, आणि ते मराठीच्या क्रियापदांमुळे. परिच्छेदच्या परिच्छेद उचलून फक्त निवेदक बदलला की कुठेतरी काऊच्या तोंडी ‘मी हसलो’ राहून जातं. इंग्रजी कथेत ‘मी’ बाईचा की पुरुषाचा, हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत एका ‘हसलो’ने सगळं उघडं पडतं. तक्रार आली की आम्ही दोन्ही कथा शेजारी ठेवून आधी हेच शोधतो.

आता परवानगी. लेखिकेच्या प्रोफाइलवर सरसकट परवानगी लिहिलेली आहे का, ते आधी पाहावं. बरेच जण तिथे ‘रीमिक्स, अनुवाद, ध्वनिवाचन चालेल, कळवा’ असं लिहून ठेवतात. नसेल तर निरोप पाठवावा आणि त्यात नेमकं सांगावं: कोणती कथा, तिचं काय करणार (रीमिक्स, अनुवाद, पुढचा भाग की वाचन), ती कुठे टाकणार, त्यातून पैसे मिळणार का, आणि प्रसिद्ध करण्याआधी तिला वाचायला पाठवणार का. ‘तुमची कथा वापरू का?’ एवढ्याच प्रश्नाला मिळालेल्या ‘हो’वरून पुढे हमखास भांडण होतं, कारण तिने होकार दिलेला असतो रीमिक्सला आणि यूट्यूबवर वाचन ऐकून ती हादरते. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तो नकार समजावा. मौन म्हणजे संमती, हा न्याय इथे लावू नये.

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे फॅन कथांचं संकेतस्थळ ना-नफा संस्था चालवते. ते २००९ पासून सर्वांसाठी खुलं आहे, २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि तिथे कथेची भाषा म्हणून मराठी निवडता येते. कथा चढवण्याच्या अर्जात ‘ही कथा रीमिक्स, अनुवाद, ध्वनिवाचन किंवा दुसऱ्या कथेवरून सुचलेली आहे’ अशी एक चौकट असते. ती निवडून मूळ कथेचा दुवा दिला की मूळ लेखिकेला सूचना जाते. तिने मान्य केलं तर तिच्या कथेच्या पानावरही रीमिक्सचा दुवा दिसतो. मान्य केलं नाही तर श्रेय फक्त आपल्या पानावर राहतं. ही चौकट म्हणजे परवानगी नव्हे, ती श्रेयाची नोंद आहे. शिवाय कथा हलली की दुवा तुटतो, म्हणून टिपेत कथेचं आणि लेखिकेचं नाव अक्षरांत लिहावंच.

दोन बाबतींत विशेष जपावं. काही कथा फक्त सदस्यांना दिसतील अशा कुलूपबंद ठेवलेल्या असतात. त्यांतला मजकूर उघड्या गटात डकवला की लेखिकेने मुद्दाम लावलेलं कुलूप आपण तोडतो. काही लेखक आपली कथा ‘अनाथ’ करतात, म्हणजे कथा राहते पण त्यांचं नाव कायमचं निघून जातं. जुन्या वाचकाला ते नाव आठवत असतं आणि तो कौतुकाने श्रेयात लिहितो. तसं करू नये. ज्या माणसाने स्वतःला त्या कथेपासून तोडून घेतलं आहे, त्याला आपण पुन्हा बांधतो, आणि यामागे घरचा किंवा नोकरीचा जाच असू शकतो.

वाटण्याबद्दल थोडक्यात. नुसता मजकूर कॉपी केला की नाव, दुवा, वयाचा दर्जा आणि हिंसा वा लैंगिक मजकुराच्या सूचना हे चारही गळतं. प्रौढांसाठीची कथा शाळेच्या गटात पोहोचते ती अशीच. कथेचं नाव, लेखिकेचं नाव, दर्जा, पहिल्या दोन ओळी आणि दुवा इतकंच पाठवावं. ध्वनिवाचनात श्रेय केवळ खालच्या वर्णनात न देता सुरुवातीला तोंडी सांगावं, कारण पुढे फिरते ती नुसती ध्वनिफीत.

कायद्याचं म्हणाल तर भारतात लेखकाच्या हयातीत साहित्यावरचा हक्क त्याचा असतो आणि मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे तो वारसांकडे राहतो. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेला चिमणराव १ जानेवारी २०२४ पासून सर्वांना मोकळा आहे. चिमणरावांवरच्या दूरदर्शन मालिकेची पटकथा आणि संवाद मात्र वेगळे हक्क आहेत, ते उचलू नयेत. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, तेव्हा फास्टर फेणे २०६१ संपेपर्यंत बांधलेला आहे. अशा पात्रांवर लिहिणाऱ्यांसाठी आपल्या कायद्यात फॅन फिक्शनची नाव घेऊन दिलेली सूट नाही. कलम ५२ मधल्या सवलतींपैकी इथे कामी येऊ शकतात त्या खाजगी उपयोग, टीका आणि परीक्षण यांसाठीच्या. तरी केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा खटल्यात एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं प्रतिनाटक टीका मानून संरक्षिलं. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ कृतीशी स्पर्धा होते का, हे तिथे तपासलं गेलं. शेवटच्या कसोटीवर पैशाचा प्रश्न येतो. ज्या अ‍ॅपवर पुढचा भाग वाचायला नाणी मोजावी लागतात तिथे दुसऱ्याच्या पात्रांची कथा टाकू नये, हे आम्ही नवोदितांना पहिल्याच दिवशी सांगतो.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांच्या आणि दिवाळी अंकांच्या कथास्पर्धांत ‘कथा स्वतंत्र असावी’ इतकाच नियम असतो. त्यामुळे प्रामाणिक रीमिक्स लिहिणारा बाद होतो आणि श्रेय लपवणारा आत येतो. त्याऐवजी नियम असा करता येईल: ‘कथा आधीच्या कथेवर बेतलेली असल्यास त्या कथेचे व लेखकाचे नाव लिहून परवानगीची प्रत जोडावी, लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे उलटून गेली असल्यास परवानगीची गरज नाही, नाव मात्र द्यावे.’ येत्या स्पर्धेच्या नियमावलीत याचा विचार व्हावा, ही विनंती.

आपले,
मराठी लेखनगटांतील काही स्वयंसेवक संपादक, पुणे