माउंटन बाइकचे माप रोड बाइकला लावू नका

संपादक महोदय,

माउंटन बाइक चालवणाऱ्याने पहिली रोड बाइक कशी निवडावी, यावरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. लेखाचा सारा भर सायकलच्या वजनावर आणि गिअरसंचावर होता. मापाबद्दल मात्र ‘माउंटन बाइक मीडियम बसत असेल तर रोड बाइकही मीडियमच घ्या’ एवढे एकच वाक्य होते. त्या वाक्याच्या भरवशावर कुणी पैसे मोजू नयेत, म्हणून हे पत्र.

फ्रेम पाहताना माउंटन बाइकवाल्याची नजर आधी रीचवर जाते. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस फिरतो त्या जागेच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडल ज्यात फिरते त्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. आजच्या मीडियम ट्रेल बाइकमध्ये (डोंगरवाटांसाठीच्या माउंटन बाइकमध्ये) ते ४५० मिलिमीटरच्या आसपास असते. त्याच उंचीच्या माणसाच्या रोड फ्रेमच्या तक्त्यात ३८० च्या आसपासचा आकडा दिसतो. मग ‘ही तर आखूड’ असे म्हणून माणूस एक माप मोठी फ्रेम उचलतो, आणि फसतो. स्टेम म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा. माउंटन बाइकचा स्टेम ३५ ते ५० मिमीचा, रोड बाइकचा ९० ते ११० चा. त्यापुढे ड्रॉप (खाली वळलेला) हँडलबार आणखी ७० ते ८० मिमी पुढे जातो आणि ज्यावर हात टेकायचे ते ब्रेकचे हुड त्याच्या टोकाला असतात. ढोबळ बेरीज करून पाहा. ४५० अधिक ४५ म्हणजे ४९५. ३८० अधिक १०० अधिक ७५ म्हणजे ५५५. ‘आखूड’ फ्रेमवर हात उलट सहा सेंटिमीटर पुढे गेले. त्यात आजच्या माउंटन बाइकची सीट ट्यूब (सीटखालची नळी) ७६ अंशांच्या आसपास उभी असते, तर रोडची ७३-७४. त्यामुळे तेवढ्याच उंचीवरची सीट साधारण तीन सेंटिमीटर मागे सरकते. म्हणजे पुढूनही ताण, मागूनही ताण.

एक माप मोठी फ्रेम घेतली की काय होते, हे सायकल फिटिंग करणाऱ्या कुणालाही विचारा. तळहात बधिर होतात, करंगळीला मुंग्या येतात, मान आखडते. मग ९० चा स्टेम काढून ६० चा बसवला जातो. हात जवळ येतात खरे, पण पुढच्या चाकावरचे वजन कमी होते आणि हँडल चंचल होते. चुकलेली फ्रेम स्टेमने पूर्ण दुरुस्त होत नाही. एकदोन सेंटिमीटरचा फरक तेवढा सांभाळून घेता येतो.

म्हणून रीचच्या जोडीने स्टॅक पाहावा. स्टॅक म्हणजे त्याच दोन बिंदूंमधले उभे अंतर. स्टॅकला रीचने भागा. शर्यतीच्या सायकलीत उत्तर १.४ ते १.४५ येते, लांब पल्ल्यासाठीच्या म्हणजे एन्ड्युरन्स सायकलीत १.५ किंवा त्याहून जास्त. उदाहरणार्थ, ५५५ ला ३९० ने भागले तर १.४२, ५९० ला ३८० ने भागले तर १.५५. ज्या माणसाची पाठ आजवर उभ्या बैठकीला सरावली आहे, त्याने पहिल्या सायकलीसाठी १.५ च्या खाली उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लवचिकता वाढली तर स्टेमखालचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या रिंगा) काढून हँडल खाली नेता येते. उलट दिशेने वाव फार थोडा असतो, कारण कार्बनच्या स्टीअरर ट्यूबवर (फोर्कच्या, हेड ट्यूबमधून वर येणाऱ्या नळीवर) स्टेमखाली किती स्पेसर चालतील याला उत्पादकाने मर्यादा घातलेली असते. याच कारणासाठी नव्या सायकलीची स्टीअरर ट्यूब लगेच कापून घेऊ नये. जास्तीचे स्पेसर काही महिने स्टेमच्या वर राहू द्यावेत. दिसायला बरे दिसत नाही, चालवून घ्या.

सध्या हँडल आणि स्टेम एकसंध असलेल्या, सगळ्या केबल हेडसेटमधून (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या संचातून) आत नेलेल्या सायकली फार दिसतात. दिसतात देखण्या. पण स्टेम दहा मिलिमीटरने बदलायचा तर अख्खे हँडल बदलावे लागते, आणि हेडसेटची बेअरिंग बदलायची तर बहुतेकदा ब्रेकची नळी सोडवून नंतर ब्रेकमधली हवा काढावी लागते. ज्याला आपले माप अजून ठरवायचे आहे, त्याने वेगळा स्टेम आणि वेगळे हँडल असलेलीच सायकल घ्यावी.

आता गिअर. गिअरसंच नामांकित आहे की नाही, यापेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता, हा प्रश्न आधी विचारायला हवा. माउंटन बाइकला पुढे ३२ दातांची चेनरिंग (पेडलपाशी असलेली दातेरी चकती) आणि मागे ५१ दातांची सर्वांत मोठी चकती ही नेहमीची जोडी, पुढच्या-मागच्या दातांचे गुणोत्तर ०.६३. रोडवर पुढे ५०/३४ (५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग) आणि मागे ११-३४ (११ ते ३४ दातांच्या चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट) घेतले तरी हलक्यात हलका गिअर १.० चा. पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर पहिल्या सायकलीचा वेग ताशी सुमारे ५.२ किमी, दुसरीचा ७.७ किमी. चालक आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर १० टक्क्यांच्या चढावर पहिल्यासाठी १३० वॅटच्या आसपास ताकद पुरते, दुसऱ्यासाठी १९० च्या आसपास लागते. तेवढी ताकद नसेल तर फेऱ्या ४५ वर येतात आणि भार गुडघ्यांवर जातो. ‘माउंटन बाइकवर हाच घाट बसून चढतो, रोड बाइक हलकी असूनही दम का लागतो’ या तक्रारीचे मूळ इथे आहे. ज्यांच्या वाटेत लांब चढ आहेत त्यांनी ५२/३६ कडे बघूच नये. ५०/३४ सोबत ११-३४ ही किमान अपेक्षा. ११-३६ किंवा पुढे ४६/३० मिळाले तर उत्तम. ४६/११ सुद्धा मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ४८ किमीचा वेग देतो, तेव्हा सपाटीवर गिअर संपण्याची चिंता नको.

‘घरात माउंटनचा डिरेल्युअर पडून आहे, तोच बसवू आणि मोठी कॅसेट लावू’ हा विचार पुष्कळांच्या डोक्यात येतो. डिरेल्युअर म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग. केबलवर चालणाऱ्या शिमानोच्या १० स्पीड (मागे १० चकत्या) आणि त्यापुढच्या संचांत हे जमत नाही. रोडचा लिव्हर (हँडलवरची ब्रेक-गिअरची दांडी) एका क्लिकला जेवढी केबल ओढतो, तेवढ्या ओढीत माउंटनचा डिरेल्युअर वेगळ्या अंतराने सरकतो; साखळी दोन चकत्यांच्या मध्ये लटकते. ९ स्पीडपर्यंत ही अदलाबदल चालायची. श्रॅम कंपनीच्या वायरलेस एएक्सएस संचात केबलच नाही, त्यामुळे रोडचा लिव्हर आणि माउंटनचा डिरेल्युअर एकत्र चालतात.

वजनाचे म्हणाल तर ८५ किलोतून एक किलो गेला म्हणजे भार १.२ टक्क्यांनी कमी झाला. तासाभराच्या चढात चाळीस सेकंद वाचतील. त्यासाठी किती खर्च करायचा ते ज्याने त्याने ठरवावे.

टायरबाबत मात्र काटकसर नको. फ्रेम आणि फोर्कमध्ये किमान ३२ मिमीचा टायर बसला पाहिजे. ३५ बसला तर खराब डांबरावर देव पावला. जुन्या रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकच्या) कित्येक फ्रेममध्ये २५ किंवा २८ च्या पुढे जागाच नसते. हवेच्या दाबात माउंटन बाइकवाले दोन टोकांच्या चुका करतात. काहीजण सवयीने २५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) ठेवतात, मग खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. काहीजण ‘रोडचा टायर दगडासारखा हवा’ असे ऐकून ११० भरतात आणि हातापायांना झिणझिण्या आणतात. चालक ७५ किलोचा असेल तर ३२ च्या टायरला मागे ५५ च्या आसपास, पुढे तीन-चार कमी, इथून सुरुवात करावी. २८ ला सत्तरच्या आसपास. रिम हुकलेस (टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली) असेल तर तिच्यावर मान्यता असलेला ट्यूबलेस टायरच घालायचा आणि ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या पुढे कधीच जायचे नाही. तिथे टायर रिमवरून सुटण्याचा धोका असतो.

रोड बाइक खरोखर हवी आहे का, अशी शंका असेल तर आहे त्याच २९ इंची सायकलला ४५ ते ५० मिमीचे गुळगुळीत टायर लावून महिनाभर रस्त्यावर फिरवा. माउंटनची २९ इंच आणि रोडची ७०० सी या दोन्ही रिमचा टायर बसण्याचा व्यास एकच, ६२२ मिमी. त्यामुळे २८ चा टायरही चढेल असे वाटते; पण आतून ३० मिमी रुंद असलेल्या रिमवर इतका अरुंद टायर सुरक्षित नाही. ‘पुढे माउंटनचीच चाके रोड बाइकला लावू’ हाही बेत फसतो: माउंटनच्या चाकांचे बूस्ट हब (चाकाचा मधला, जास्त रुंद भाग) पुढे ११० आणि मागे १४८ मिमी रुंद, तर डिस्क ब्रेकच्या रोड फ्रेमला १०० आणि १४२ लागतात.

ग्रॅव्हल बाइकची (कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या, जाड टायरच्या ड्रॉप हँडल सायकलीची) शिफारसही आपल्या लेखात होती. ज्याच्याकडे दुसरी सायकल नाही त्याला ती योग्यच. पण मातीसाठी माउंटन बाइक दाराशी उभी असताना ग्रॅव्हल घेतली, तर दोन सायकलींची कामे एकमेकींत मिसळतात आणि डांबरावरचा वेग काही मिळत नाही. ३५ च्या टायरची जागा असलेली एन्ड्युरन्स रोड बाइक अशा माणसाला जास्त उपयोगी.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच असावेत. रोडचे रोटर (ब्रेकच्या चकत्या) १४० किंवा १६० मिमीचे; १८० आणि २०३ ची सवय असलेल्या बोटांना ते कमजोर वाटतील. खरी अडचण बहुधा हाताच्या जागेची असते. हुडवरून ब्रेक दाबताना बोटे लिव्हरच्या बिजागरीजवळ असतात, त्यामुळे तरफ आखूड पडते. उतारावर हात खालच्या वळणात न्यावेत. तिथून एका बोटानेही पुरेसा जोर लागतो. बोटे लहान असतील तर लिव्हर आत घेण्याचा स्क्रू फिरवून घ्यावा, तो बहुतेक लिव्हरमध्ये असतो. उतारावर सीटच्या मागे लटकण्याची माउंटनची सवय मात्र सोडावी, कारण पुढचे चाक हलके होऊन वळणावर बाहेर ओढते.

वापरलेली सायकल घेत असाल तर साखळीपासून सुरुवात करा. बारा पूर्ण कड्या ३०४.८ मिमी भरायला हव्यात. ११ किंवा १२ स्पीडची साखळी ३०६.३ च्या पुढे गेली असेल तर ती संपली, आणि तशीच बराच काळ चालवली असेल तर कॅसेटचाही खर्च धरा. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा; मध्यावर अडकल्यासारखे झाले तर हेडसेटच्या बेअरिंगला खाचा पडल्या आहेत. रिम ब्रेक असेल तर रिमच्या कडेवर पट्टी ठेवून पाहा, मध्ये पोकळी दिसली तर रिम झिजली आहे. कार्बन फ्रेमचा रंग हेड ट्यूबखाली, बॉटम ब्रॅकेटभोवती आणि सीटच्या क्लॅम्पपाशी नखाने चाचपून भेग आहे का ते बघा. स्टीअरर ट्यूब आधीच्या मालकाने किती कापली आहे हेही विचारा.

चाचणी फेरी अर्ध्या तासाची तरी हवी, आणि तीही स्वतःचे बूट घालून. माउंटनचे दोन बोल्टचे क्लीट (बुटाखालची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) आणि पेडल रोडवर उत्तम चालतात. तीन बोल्टच्या क्लीटची पहिल्या वर्षी गरज नाही. पेडलचे आटे माउंटन आणि रोड दोन्ही सायकलींत सारखेच, ९/१६ इंची, आणि डावे पेडल उलट आट्याचे. ग्रीस लावून बसवावे. क्रँक (पेडलचा दांडा) १७५ मिमीऐवजी १७० चा आला तर सीट ५ मिमी वर घ्यावी. फेरीवर निघण्यापूर्वी पेडल आडवे ठेवून हँडल वळवा आणि बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते का ते पाहा. लहान फ्रेममध्ये ते बऱ्याचदा लागते. वेगात चाक एवढे वळत नाही, पण गर्दीत सावकाश वळताना ते माहीत असलेले बरे.

आपला,
सायकल दुरुस्ती व फिटिंगच्या कामातला एक वाचक