तू चहाला गेलास तेव्हा

सांगली
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

सकाळपासून लाइट नाही. इन्व्हर्टरवर पंखा तेवढा फिरतोय आणि अल्बमचं काम अडलंय, म्हणून कागद ओढला. परवा फोनवर ‘एईएस प्लस एफ’ या रशियन कलाकारांच्या गटाचा विषय निघाला आणि तू परत तेच म्हणालास, "ते रशियन लोक म्हणजे अत्तराची जाहिरात रे!" २०१७ च्या जानेवारीत, कोचीच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या त्या कलाप्रदर्शनात, त्यांचं काम बघून अंधाऱ्या खोलीतून बाहेर पडतानाही हेच म्हणाला होतास. तेव्हा मी गप्प बसलो, कारण मलाही तसंच वाटलं होतं. आज भांडतो.

तिथे पडद्यावर चालू होतं ते ‘इन्व्हर्सो मुंडुस’, म्हणजे उलटं जग. ३८ मिनिटांचं. युरोपात पूर्वी अशी छापील चित्रं निघायची: डुक्कर खाटकाला कापतंय, गाढव माणसाच्या पाठीवर बसलंय, भिकारी शेठजींना भीक घालतोय. यांनी ती आजच्या कपड्यांत उभी केली. झाडूवाले शहरावर घाण उडवतात, बायका पुरुषांना छळाच्या यंत्रात अडकवतात. आणि अडकलेल्यांचे चेहरे? फेशियल करून घ्यायला बसल्यासारखे निवांत. त्या वर्षीचे क्युरेटर जे.जे.त शिकलेले सुदर्शन शेट्टी. त्यांनी हे निवडलं ते उगाच नसणार, एवढं तरी मान.

आता तुझी जाहिरात. मंडळी मॉस्कोची. तात्याना अर्झामासोवा, लेव एव्झोविच आणि एव्गेनी स्व्यात्स्की यांनी १९८७ साली गट काढला, आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘एईएस’. पहिली दोघं आर्किटेक्चर शिकलेली, तिसरा ग्राफिक्सवाला. १९९५ ला व्लादिमीर फ्रिडकेस आला आणि नाव झालं ‘एईएस प्लस एफ’. हा गडी कोण, तर फॅशन मासिकांचा फोटोग्राफर! म्हणजे बाबा, जाहिरात त्यांच्या घरातच राहायला आली होती. चुकून दिसली म्हणून तू पकडलीस असं नाही.

आणि ते व्हिडिओ शूटिंग नव्हेच. हजारो स्थिर फोटो काढायचे आणि दोन फोटोंमधली हालचाल कॉम्प्युटरकडून भरून घ्यायची. म्हणून माणसं पाकातून चालल्यासारखी सरकतात. ‘लास्ट रायट’ हे त्यांचं २००७ साली व्हेनिसच्या बिएनालेत रशियाच्या दालनात लागलेलं काम. त्यात गोरीगोमटी पोरं एकमेकांच्या मानेवर तलवार टेकवतात. हात हळूहळू खाली येतो, आता कापणार असं वाटतं, आणि रक्ताचा थेंब नाही. त्वचेवर ओरखडाही नाही. मागे वाग्नर या जर्मन संगीतकाराचं दणदणीत संगीत. मला त्या तलवारीपेक्षा त्या त्वचेची भीती वाटली, कारण ती मी रोज बनवतो. मागच्या लग्नसराईत एका नवरीच्या गालावरचा लहानपणचा व्रण मी पुसला. तिच्या आईनं अल्बम बघून म्हटलं, "छान आलाय फोटो, पण ही आमची वाटत नाही." पैसे मात्र दिले बिचारीनं.

सगळंच मला पटतं असं नाही. १९९६ पासूनचा त्यांचा ‘इस्लामिक प्रोजेक्ट’ घे, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता बुरख्यात वगैरे, पोस्टकार्डांसारखी चित्रं. पाश्चात्त्यांना इस्लामची जी भीती वाटते तिची थट्टा करायची होती म्हणे, पण घाबरट माणूस ते बघून आणखी घाबरेल. ‘ट्रिमाल्कियोची मेजवानी’ आणि पुढचं ऑपेराचं काम देखणं, पण माझा जीव अडकलाय तो एका साध्या कामात.

१९९७ चं. १४ मुलींचे चेहरे, सगळे एकाच पद्धतीनं काढलेले. त्यातल्या ७ जणींनी खून केलेले, ७ साध्या शाळकरी पोरी. कोण कोणती, ते लिहिलेलं नाही. बघणारा शोधत बसतो: हिचे डोळे बघ, हिची जिवणी बघ. मी २२ वर्षं पासपोर्ट फोटो काढतोय, "मान सरळ, हसू नका", त्यामुळे माणूस ओळखतो अशी माझी घमेंड होती. मी छातीठोकपणे ७ निवडल्या आणि मग लक्षात आलं की आपण फक्त न आवडलेले चेहरे वेगळे काढलेत. इथे ना चकाकी, ना संगीत. सांग, ही कशाची जाहिरात?

पुण्याहून कधी येतोस? आणि हो, कोचीत तू चहाला गेलास तेव्हा पडद्यावर पोरं आणि म्हातारे बॉक्सिंगच्या रिंगणात एकमेकांना बुकलत होते, आणि आपल्या शेजारचे आजोबा मोठ्यानं हसले होते. ते तुला सांगायचं राहूनच गेलं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या