हेडलाइटचा दोष न शोधता सुटे भाग बदलत राहिल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

कोल्हापूर
दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : डाव्या हेडलाइटच्या अर्थिंगमधील दोष, अधिकृत सर्व्हिस सेंटरने केलेली चुकीची दुरुस्ती आणि जॉबकार्डवरचा 'छेडछाड' हा शेरा

महोदय,

आपल्या कंपनीची पेट्रोल हॅचबॅक मी २०२४ च्या दसऱ्याला कोल्हापुरातल्या आपल्या अधिकृत शोरूममधून घेतली. गाडी वॉरंटीत आहे आणि तिचे प्रत्येक सर्व्हिसिंग आपल्याच सर्व्हिस सेंटरला झालेले आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिचा डावा हेडलाइट मंद पडू लागला. सर्व्हिस सेंटरने आधी बल्ब बदलले, मग रिले (दिव्याचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), मग स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच आणि शेवटी डाव्या हेडलाइटची अख्खी असेंब्ली. दोष यांपैकी एकातही नव्हता. तो बॅटरीच्या ट्रेखालच्या अर्थच्या, म्हणजे दिव्याचा करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या, एका बोल्टला होता. मी तो मीटर लावून दाखवला, त्यांच्याच टेक्निशियनने तो तिथल्या तिथे दुरुस्त केला, आणि जॉबकार्डवर मात्र 'ग्राहकाने वायरिंगमध्ये छेडछाड केल्याने इलेक्ट्रिकल वॉरंटी लागू नाही' असा शेरा पडला. नुसता पैशाचा विषय असता तर चार शिव्या हासडून मी गप्प बसलो असतो. हा शेरा मात्र मी गिळणार नाही.

माझा शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचा व्यवसाय आहे. शेतीपंपांचे स्टार्टर, पॅनल बघायला कळे, साळवण, असळज असे गगनबावडा रस्त्यावर नेहमी जाणे असते आणि परतायला हमखास रात्र होते. सध्या गळिताचा हंगाम आहे. या दिवसांत त्या रस्त्याने रात्री आलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको : ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर असला तर असला, आणि उसाच्या मोळ्या बाजूला हात-दीड हात बाहेर आलेल्या. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, म्हणून डिपरचा, म्हणजे खालचा, झोत मुद्दाम डाव्या कडेला जरा वर उचललेला असतो, साइडपट्टीवर काय आहे ते दिसावे म्हणून. डावा दिवा मेला की पहिल्यांदा तीच कड अंधारात जाते. कळ्याच्या अलीकडे टायर फुटून कडेला लागलेली एक ट्रॉली मला माझ्या हेडलाइटने दिसलीच नाही. समोरून आलेल्या एसटीच्या उजेडात दिसली. आपल्या कार्यालयात बसून 'एक दिवा थोडा मंद' ही तक्रार किरकोळ वाटेल, म्हणून हे लिहिले.

आता लक्षणांविषयी. ही मी पहिल्या जॉबकार्डवर लिहून घ्यायला लावली होती, प्रत सोबत आहे. डिपरवर डावा दिवा पिवळट आणि मंद. डावा इंडिकेटर दिला की तो इंडिकेटरच्याच तालात आणखी मंद व्हायचा. गाडी खड्ड्यातून गेली की कधी कधी दिवा जवळजवळ जायचा आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरचा अपरचा (लांब झोताचा) निळा दिवा पुसट पेटायचा, अपर दिलेला नसताना. कुठल्याही रस्त्यावरच्या वायरिंगवाल्याला एवढे सांगितले तर तो बोनेट उघडायच्या आधी म्हणेल की अर्थ बघा. कारण सरळ आहे. या गाडीत एच-४ बल्ब आहे, ६०/५५ वॉटचा. अपर आणि डिपर अशा दोन फिलामेंट आणि दोघींना मिळून अर्थची एकच पिन. ती पिन अर्थला नीट पोचली नाही की डिपरचा करंट परतीची वाट शोधत अपरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि तिथून पलीकडच्या दिव्याकडे आणि डॅशबोर्डच्या निळ्या दिव्याकडे जातो. इंडिकेटरची आणि पार्किंगची अर्थही त्याच बोल्टवर, म्हणून २१ वॉटचा इंडिकेटर लागला की हेडलाइट आणखी दबतो. स्विच किंवा रिले खराब असता तर दोन्ही दिवे मंद झाले असते. एकच होत होता.

आपल्या सर्व्हिस सेंटरने काय केले? कपलर (बल्बमागचा वायरींचा प्लग) काढला, मोकळ्या कपलरमध्ये मीटरच्या पिना घातल्या आणि ॲडव्हायझर म्हणाला, "सर, बारा व्होल्ट येतंय की. वायरिंग ओके आहे." नंतर अर्थच्या वायरीला मीटरचा बझर (वायर तुटलेली नसेल तर वाजतो तो) लावून दाखवला. वाजला. "बघा, अर्थ पण ओके."

या दोन तपासण्यांवर पुढचा सगळा खर्च उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. बल्ब जोडलेला नसताना वायरीतून करंट वाहत नाही. करंट नाही तर गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडतही नाही, आणि मीटर पूर्ण बारा दाखवतो. तोटी बंद ठेवून पाइपातला दाब बघायचा आणि धार चांगली आहे म्हणायचे, त्यातला हा प्रकार. बझरचे तर विचारूच नका. कित्येक मीटरांचा बझर वीस-तीस ओहमलाही वाजतो. पाच अँपिअरच्या आसपास करंट घेणाऱ्या दिव्याला मंद करायला पाऊण ओहमचा अडथळासुद्धा पुरून उरतो, आणि तेवढा फरक बझरला कळतच नाही.

बघायचे असते ते दिवा चालू ठेवून, म्हणजे लोडवर. मी तेच केले. इंजिन चालू, डिपर चालू, कपलर जागेवर, मीटरची पिन कपलरच्या मागच्या बाजूने नुसती टेकवलेली. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. उजव्या बल्बवर १३.३. डाव्या बल्बवर १०.४. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी डाव्या कपलरच्या अर्थच्या पिनेला लावली. तिथे शून्याच्या आसपास दिसायला पाहिजे, ०.१, फार तर ०.२. दिसले ३.२ व्होल्ट. उरलेला अर्धा व्होल्ट पॉझिटिव्ह बाजूच्या वायरी, रिले आणि स्विचमध्ये मिळून जात होता, म्हणजे ती बाजू ठणठणीत. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्यापेक्षा फार वेगाने उतरतो. १३.३ ला १०.४ म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्शाहून थोडेच जास्त कमी झाले, पण उजेड निम्म्याहून खाली गेला. आणि तिकडे त्या बोल्टवर चौदा-पंधरा वॉट नुसते उष्णता होऊन वाया जात होते.

हे आकडे कागदावर लिहून मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली आणि सुपरवायझरसमोर, आपल्याच आवारात, बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वायर आणून डाव्या कपलरच्या अर्थच्या पिनेला टेकवली. दिवा लख्ख झाला. वायर उचलली, पुन्हा पिवळा. शेजारी उभा असलेला पोरगेला टेक्निशियन लगेच म्हणाला, "सर, अर्थच नाही की याला!" त्या मुलाचे काही चुकले नाही आणि त्याच्यावर याचा राग निघू नये, एवढी विनंती मध्येच करून ठेवतो. त्यानेच बॅटरी आणि ट्रे काढला.

खालचा बोल्ट मी जवळून पाहिला, फोटो सोबत आहेत. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, तिच्या कडेने हिरवट-पांढरा चुरा जमलेला. लग उचलल्यावर तिच्याखाली आपल्या कारखान्याचा रंग जसाच्या तसा, चकचकीत, फक्त बोल्टच्या आट्यांभोवती गंजाची एक बारीक रिंग. म्हणजे लगेचा पत्र्याशी संबंध कधी आलाच नव्हता. अर्थ मिळत होती ती फक्त बोल्टच्या आट्यांतून, आणि पहिल्या पावसाळ्यात आटेही गंजले. पत्र्यात रुतणारा दातेरी वॉशर नाही. उजव्या बाजूचा तसाच बोल्ट त्या टेक्निशियनने उघडून दाखवला तर तिथे पत्रा रंगाशिवाय ठेवलेला आणि दातेरी वॉशर बसवलेला. एकाच गाडीत एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे ही जोडणीच्या वेळची चूक आहे. त्यानेच पॉलिश पेपरने रंग खरवडला, वॉशर घातला, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. अर्थच्या बाजूचे व्होल्टेज ०.१ च्या आत आले. ते काम चहा थंड व्हायच्या आत झाले.

त्याआधी मला काय काय ऐकावे लागले तेही आपल्याला माहीत असावे. हेडलाइटच्या काचेत आतून थोडे बाष्प दिसते, म्हणून 'पाणी शिरले आहे, हे बाहेरचे नुकसान, वॉरंटीत बसत नाही' असे सांगून असेंब्लीचे पैसे माझ्याकडून घेतले. हेडलाइटला हवेसाठी छिद्रे असतात आणि पावसाळ्यात सकाळी थोडे बाष्प धरून नंतर उडून जाते, हे आपल्याच मालकाच्या पुस्तिकेत छापले आहे. तरी मी विचारले, तर ॲडव्हायझरने मला विचारले की गाडी पुराच्या पाण्यात होती का. २०१९ आणि २०२१ चे महापूर ही गाडी घ्यायच्या आधीचे. मी राहतो राजारामपुरीत, तेही चढावर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की खालच्या पेठांमधले लोक सामान हलवायला लागतात. माझ्या दारात पंचगंगा यायची असेल तर निम्मे कोल्हापूर आधी बुडालेले असेल. गाडीच्या कार्पेटखाली गाळ नाही, सीटबेल्टच्या पट्ट्यावर डाग नाही, बाकीचा एकही कपलर हिरवा झालेला नाही. गाडीवर कोल्हापूरची नंबरप्लेट आहे म्हणून ती पुरातली धरायची ही पद्धत आपण थांबवावी. इथल्या सगळ्याच ग्राहकांना हे ऐकवले जात असणार.

त्याच ॲडव्हायझरने असेंब्ली बदलूनही फरक पडेना तेव्हा सुचवले, "सर, सरळ एलईडी किट टाकून घ्या, भारी उजेड पडतोय." एलईडी करंट कमी घेते, त्यामुळे त्या खराब बोल्टवर व्होल्टेजही कमी पडले असते आणि दोष झाकला गेला असता. शिवाय बाहेरचे किट घातले म्हणून वॉरंटी गेली ती गेलीच असती. मी नाही म्हणालो. ज्याला यातले काही कळत नाही असा ग्राहक हो म्हणाला असता आणि दोष त्या बिचाऱ्याचाच मानला गेला असता.

आणि आता तो शेरा. मी एकही वायर कापलेली नाही, जोडलेली नाही, एकही बोल्ट स्वतः फिरवलेला नाही. मीटरची पिन टेकवणे ही छेडछाड असेल तर आपल्या टेक्निशियनने मोकळ्या कपलरमध्ये घातलेल्या पिना कशात मोजायच्या? जॉबकार्डवर सही करायच्या आधी मी हा शेरा खोडायला सांगितला. "सिस्टीममध्ये गेलंय, आता निघत नाही" असे उत्तर मिळाले. मी सही केलेली नाही.

माझे म्हणणे असे. असेंब्लीचे ४,६५०, बल्बचे ४८०, रिलेचे ३१० आणि मजुरीचे १,७५० असे एकूण ७,१९० रुपये मला परत मिळावेत, कारण त्यांतल्या एकाही भागाचा दोषाशी संबंध नव्हता. काढलेली जुनी असेंब्ली मागूनही दिलेली नाही, ती चांगली होती, ती कुठे आहे ते कळवावे. छेडछाडीचा शेरा रेकॉर्डवरून काढून इलेक्ट्रिकल वॉरंटी पूर्ववत असल्याचे लेखी द्यावे. हे तिसरे माझ्यासाठी पैशांपेक्षा महत्त्वाचे आहे, कारण उद्या अल्टरनेटर गेला तरी हाच शेरा माझ्यापुढे धरला जाणार. आणि माझ्या गाडीच्या आगेमागे त्याच लाइनवर तयार झालेल्या गाड्यांचा डाव्या बाजूचा अर्थ बोल्ट आपण स्वतःहून तपासून घ्यावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ प्रमाणे रस्त्यावरच्या लोकांना धोका होईल असा दोष असलेली वाहने परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एका वॉशरसाठी गोष्ट तिथवर जायचे कारण नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. 'आपली तक्रार नोंदवली आहे' असा आपोआप येणारा मेसेज मी उत्तर धरणार नाही. त्या मुदतीत काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो तिथेच ती दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, त्यामुळे मला कुठे लांब जायचे नाही. आपल्या प्रतिनिधीला मात्र यावे लागेल.

गाडी तपासायला आपला इंजिनिअर पाठवणार असाल तर जरूर पाठवा. फक्त त्याला लोडवर मीटर लावायला सांगा.

आपला,
एक ग्राहक

सोबत : सर्व जॉबकार्ड व पावत्यांच्या प्रती, दोन्ही बाजूंच्या अर्थ बोल्टचे फोटो, दुरुस्तीच्या आधीच्या व नंतरच्या व्होल्टेजच्या नोंदी, वॉरंटी पुस्तिकेच्या संबंधित पानांची प्रत.