घळीत उतरताना घाई करू नकोस

टॉम प्राइस, पश्चिम ऑस्ट्रेलिया, जून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

जुलैच्या सुट्टीत तू आणि तुझ्या मैत्रिणी इथं करिजिनी राष्ट्रीय उद्यानात येताय, हे आईनं सांगितलं. तुझी यादीही तिनं दाखवली. दोन दिवसांत डेल्स, वीआनो, हँकॉक, नॉक्स, हॅमर्सली या घळी, आणि मध्येच एका पहाटे माउंट ब्रूसचा डोंगर! बाय, यातलं निम्मं आत्ताच खोडून टाक. दिवसाला एकच घळ धरा. सहा लाख हेक्टरांहून मोठं उद्यान आहे हे, कितीही धावलात तरी संपणार नाही. आणि धावत पाहायची ही जागाच नव्हे.

लोखंडाच्या खाणीवर माझी पाळी असल्यामुळे मला तुमच्याबरोबर येता येणार नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. हा डोंगर मी रोज पाहतो, पण फुटलेला. सुरुंग लावून पाडलेला, ट्रकमध्ये भरलेला, लोहाचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर की खाली एवढ्यावरच मोजलेला. घळीत तोच खडक अखंड उभा आहे. तो तू तसा पाहावास, एवढीच माझी इच्छा आहे.

सुरुवात डेल्सपासून करा. डिचोलीच्या खाणीवर होतो तेव्हा हे नाव मी पुस्तकात वाचलं होतं, कारण इथल्या थराला भूशास्त्रज्ञांनी डेल्स गॉर्जचंच नाव दिलंय. पायऱ्यांनी खाली उतरलीस की पाण्याकडे पळू नकोस, आधी भिंतीपाशी थांब. तांबडा, काळा, पुन्हा तांबडा, असे पट्टे दिसतील, काही बोटाएवढे जाड, काही नखाएवढे. ही सगळी समुद्राच्या तळावर साचलेली साय आहे, जवळजवळ २५० कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हाच्या समुद्रात लोह विरघळलेलं होतं आणि हवेत प्राणवायू जवळपास नव्हताच. पाण्यातले सूक्ष्म जीव सूर्यप्रकाशावर जगता जगता प्राणवायू सोडू लागले, तो लोहाला भेटला, आणि गंज होऊन तळाशी बसत गेला. आपण ज्या हवेवर जगतो, तिची सुरुवातीची नोंद त्या भिंतीवर आहे. आपला सह्याद्रीचा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. त्याला आपण केवढा पुरातन मानतो! डिचोलीचं खनिजसुद्धा अशाच पट्टेदार खडकातून झालेलं. तिथं तो जांभ्याखाली आणि झाडांखाली दडलेला असतो, म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि मी इथं आलो, त्याच जातीच्या खडकामागे.

डेल्समध्येच फॉर्टेस्क्यू धबधबा आहे. भूजलावर चालतो, त्यामुळे कोरड्या दिवसांतही वाहता सापडेल. तिथून थोडं वरच्या अंगाला फर्न पूल. वाट सोपी आहे, कडेला नेचे, उंबराच्या कुळातली झाडं आणि फांद्यांना लटकलेली मोठी वटवाघळं. ही जागा इथल्या मूळ बंजिमा लोकांना फार जवळची आहे. बंजिमा, यिन्हावांका आणि कुरामा, हा मुलूख त्यांचा. तिथं शांतपणे पाण्यात उतरायचं, उड्या मारायच्या नाहीत, गाणी लावायची नाहीत. तुझ्या मैत्रिणींना हे वाटेतच सांगून ठेव.

दुसऱ्या दिवशी ऑक्सर लुकआउट. चार घळी तिथं एकमेकींना मिळतात, आणि कठड्यापासून पाणी शंभर मीटरहून खाली आहे. वरून सपाट माळ, स्पिनिफेक्सचं टोचरं गवत, पांढऱ्या खोडाची निलगिरीची झाडं, आणि पायाखाली जमीन अचानक संपलेली. पाण्यानं खडकातल्या भेगा धरून धरून हे कापलंय. तिथून मग हँकॉकमध्ये उतरायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. शिडी आहे, मग कमरेएवढ्या किंवा त्याहून खोल पाण्यातून जायचं, पुढे 'स्पायडर वॉक'मध्ये दोन्ही भिंतींना हातपाय टेकवत सरकायचं, आणि शेवटी केर्मिट्स पूल. त्याच्या पुढे जायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

हे मी धाक दाखवायला लिहीत नाहीये. २००४ मध्ये याच घळीत अडकलेल्यांना सोडवायला जिम रीगन नावाचे स्वयंसेवक उतरले होते. अचानक लोंढा आला आणि ते त्यात गेले. पुढच्या डोहाला त्यांचंच नाव आहे. डोक्यावर आकाश निळं असलं तरी पाऊस दूर वरच्या अंगाला पडलेला असू शकतो, आणि या कातळात पाणी मुरत नाही. ढग दिसले, किंवा पाटी 'बंद' म्हणाली, तर मागे फिरा. दुसरी भीती थंडीची. जुलैत, इथल्या हिवाळ्यात, तळाशी ऊन पोचत नाही, पाणी बर्फासारखं असतं, आणि आखडलेल्या बोटांना खडक धरता येत नाही. कोरडे कपडे पिशवीत असू देत.

भिंतींमध्ये कुठे निळसर, रेशमासारख्या तंतूंची शीर दिसली तर खरवडू नका. तो निळा ॲस्बेस्टॉस. उत्तरेला विटनूम इथं त्याची खाण १९६६ पर्यंत चालली. खाणकामगार आणि त्यांच्या घरची माणसं नंतर वर्षानुवर्षं फुप्फुसांच्या रोगानं मरत राहिली, गावाचं नाव नकाशावरून काढलं गेलं. त्या बाजूला वळायचंच नाही.

आणखी एक सांगतो, कारण तू विचारशीलच. याच डोंगररांगेत जुकान गॉर्ज नावाची घळ आहे. तिथल्या शैलाश्रयांत ४६,००० वर्षांपासून माणसांचा वावर होता. माणसांच्या केसांची वेणी घालून केलेला ४,००० वर्षांपूर्वीचा पट्टा तिथं सापडला, आणि त्यातल्या डीएनएचं नातं आजच्या तिथल्या मूळ लोकांशी जुळलं. मे २०२० मध्ये खाण वाढवण्यासाठी ते आश्रय सुरुंगानं उडवले. कायद्याची परवानगी होती. मी याच धंद्यात आहे, माझं घर आणि तुझं शिक्षण याच खनिजावर चाललंय, तरीही सांगतो, ते चुकीचं होतं. कायद्यानं चालतं म्हणून करावं, असं नसतं. करिजिनीच्या व्हिजिटर सेंटरमध्ये मूळ लोकांनी आपला इतिहास आपल्या शब्दांत मांडलाय, तो नीट वाचा. इमारतही बघ. गंजलेल्या पोलादी भिंतींची, घोरपडीच्या आकारावर बेतलेली.

पेट्रोल उद्यानात मिळत नाही, टाकी इथूनच भरून न्या. मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून कुठल्या घळीत उतरणार आणि कधी वर येणार, ते मला आदल्या रात्री कळवून ठेवा. संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, कांगारू आडवे येतात. पाणी माणशी चार लिटर, थंडी असली तरी. माझं जुनं हेल्मेट गॅरेजमध्ये डाव्या फळीवर आहे. बाकीची तुमच्या मापाची दुकानात बघून ठेवतो. किती जणी येताय तेवढं कळव.

तुझा,
बाबा